तळ्यावरचा धक्का

लग्न होऊन मी ज्या घरात आले, त्या घराच्या मागच्या परड्याला तीनच बाजूंनी काटक्यांचा कूड होता. चौथ्या बाजूला तळं होतं. माझं माहेर नळदुर्गाजवळ, बोरी नदीच्या काठचं, त्यामुळं पाण्याचं मला नवल नव्हतं. पण नदी आपली वाट धरून पुढं जाते. हे तळं एका जागी बसून खात होतं.

पहिल्याच आठवड्यात सासूबाई मला परड्याच्या टोकाला घेऊन गेल्या आणि पाण्यातल्या एका दगडाकडं बोट करून म्हणाल्या, "ते काळं टोक दिसतंय का? तिथं आपला जुना गोठा हुता. त्याच्या पल्याड कडब्याची गंज रचायचो."

"मग?"

"मग काय, गिळलं की. दर पावसाळ्याला एक घास घेतंय."

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. घरात एखादा पाहुणा जरा जास्त जेवतो, पण करता काय, अशा सुरात.

गाव परंड्याच्या बाजूचं, लहान. तळं फार जुनं, दक्षिणेला दगडी बांध. बांधावरून वाट पलीकडच्या काठाला जायची. तिथं आमचं रान होतं आणि रानाच्या वर महादेवाचं देऊळ. पूर्वेच्या काठावर दोनच घरं, आमचं आणि पेशकारसाहेबांचं. मृग लागला की पश्चिमेचा वारा सुटायचा, अख्ख्या तळ्यावरून लाटा हाकत आणायचा आणि आमच्या दोन परड्यांवर आपटायचा. बाकी गाव निवांत असायचं.

पेशकारसाहेब तहसील कचेरीतून पेशकार, म्हणजे तहसीलदाराच्या हाताखालचे अंमलदार, म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीची सुरुवातीची वर्षं त्यांनी हैदराबादेत काढली होती आणि तिथल्या हुसेनसागरावर श्रीमंत लोक संध्याकाळी नावेतून हिंडताना पाहिले होते. ते दृश्य त्यांच्या डोक्यातून कधी गेलंच नाही. आपलंही घर तळ्याकाठी आहे, मग आपली नाव का असू नये, हा त्यांचा सरळ हिशोब. त्यांच्या बायकोला सगळं गाव खाला, म्हणजे मावशी, म्हणायचं. ठेंगण्या, गोऱ्या, पानानं ओठ लाल, आणि नवऱ्याच्या कुठल्याही बेताला पहिलं उत्तर "नक्को".

माझे सासरे, मामंजी, भुसाराचा व्यापार करायचे आणि रानही बघायचे. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, पूजेशिवाय पाण्याचा घोट नाही. रोज दिवस कलला की ते आणि पेशकारसाहेब आमच्या ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडून बसायचे. त्यांची दोस्ती त्या पटावरची. घरातलं कुणी मेलंबिलं तरच डाव मोडायचा, असं सासूबाई म्हणायच्या.

मी आले त्याच उन्हाळ्यात पेशकारसाहेबांनी काम काढलं. तळ्याचं पाणी उन्हाळ्यात लांब मागं सरायचं आणि चिखल वाळून भेगाळायचा, तेव्हाच काठाचं काम करता यायचं. त्यांनी वडार बोलावले, काळा दगड आणवला. महायुद्धाच्या लढाईमुळं सिमेंट कुठं मिळत नव्हतं, म्हणून चुन्याची घाणी बसवली. बैल दिवसभर गोल फिरायचा आणि चुना मळला जायचा. बघता बघता त्यांच्या परड्याच्या टोकाला उंच, सरळ, ओळंब्यात भिंत उभी राहिली. भिंतीच्या मधोमध पाण्यात शिरणारा दगडी चौथरा.

"ह्ये काय आणिक?" मामंजींनी विचारलं.

"धक्का," पेशकारसाहेब छाती काढून म्हणाले. "नाव आके लगेगी इधर."

"धक्का? कुणाला देनार?"

हा विनोद गावात सगळ्यांनी केला. पेशकारसाहेबांनी तो प्रत्येकाकडून पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऐकून घेतला.

मग नाव आली. भीमेच्या कोळ्यांकडून घेतलेली, बैलगाडीवर पालथी घालून. भीमेकाठचा तो मुलूख इंग्रजांचा, आणि आमच्याकडं येताना वाटेत निजामाचा करोडगिरी नाका लागायचा, जकातीचा. तिथल्या मुन्शीला नाव हा माल कशात धरायचा तेच कळेना. लाकूड म्हणावं तर ती वस्तू होती, गाडी म्हणावं तर चाकं नव्हती. शेवटी त्यानं तिला 'लाकडी काहील' ठरवलं आणि सोडली. आमच्याकडं ओढा ओलांडायला गुळाची काहील वापरायचेच, त्यामुळं त्याचं फार चुकलं असं नाही.

पाऊस पडला, तळं भरलं, नाव धक्क्याला लागली. पेशकारसाहेब शेरवानी घालून नावेत बसले. गाव बघायला लोटलं. आणि त्याच आठवड्यात आमच्या परड्याचं वाटोळं सुरू झालं.

आधी वर्षाला एक घास जायचा. आता तळं पंगतीला बसल्यासारखं जेवायला लागलं. लाट पेशकारसाहेबांच्या सरळ भिंतीवर आदळायची, भिंत हलायची नाही, मग ती लाट तशीच चिडून माघारी फिरायची आणि आमच्या मोकळ्या काठावर पडायची. आमचा शेवगा शेंगांसकट पाण्यात गेला. सासूबाई काठावर उभ्या राहून शेंगा मोजल्यागत बघत होत्या.

मामंजी रागानं लालबुंद. ते भिंतीपाशी गेले आणि ओरडले, "साहेब, तुमची भिंत आमचं परडं खायली!"

"भिंत कैसे खाती अप्पा? पानी खाता."

"तुमीच पाणी अंगावर घातलं!"

"मैं पानी को क्या बोलूं? उधर मत जा बोलूं?"

झालं. बोलणं बंद. मामंजींनी शपथच घेतली की त्या माणसाचं तोंड बघणार नाही. पण डाव अर्धा राहिला होता, आणि मामंजी जिंकत होते.

दोन दिवस ते ओट्यावर एकटेच पटाकडं बघत बसले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "सूनबाई, पलीकडं खाला कपडे वाळत घालत असंल. तिला म्हणावं, आमी घोडा पुढं घेतला. वजिरासमोर."

मी दोन परड्यांमधल्या कुडावरून सांगितलं. खालांनी पानाची पिंक टाकली, कपाळाला हात लावला आणि आत गेल्या. थोड्या वेळानं परत आल्या, "बहू, साहब बोले प्यादा चल्या."

असा तो डाव सुरू राहिला. दोघांच्या घरी वेगवेगळे पट, आणि मधे आम्ही दोघी. मामंजींनी तोंड बघायचं नाही अशी शपथ घेतली होती; खेळायचं नाही अशी नव्हती. मला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं, खालांना तर त्याचा संतापच होता. एकदा त्या म्हणाल्या, "फील चल्या, तिरछा." फील म्हणजे काय, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "अगे, हाथी!" मी येऊन मामंजींना सांगितलं, हत्ती हलला, तिरका.

"हत्ती? तिरका?" मामंजी ताडकन उठले. "हत्ती कधी तिरका जातो का? आता पटावर बी लबाडी करायला लागला व्हय!"

भांडण होतं तिथंच दुप्पट झालं, आणि डावही थांबला.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्याकडं वडार आले. मामंजींनी भिंत बांधली ती पेशकारसाहेबांच्या भिंतीपेक्षा हातभर उंच आणि दोन पावलं पुढं. कशासाठी उंच, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. आमचे हे तेव्हा लातूरला आडतीवर असायचे. सणाला आले, भिंत बघितली आणि मला हळूच म्हणाले, "तळ्याला हितनं कुटं जायचं ठेवलंय का न्हाय?"

तळ्यानं आपली जागा शोधली. दोन भिंतींच्या मधे कुडाची चिंचोळी पट्टी मोकळी राहिली होती. पाऊस लागला, लाटा आल्या. आमच्या भिंतीवर आपटलेलं पाणी त्यांच्याकडं, त्यांच्याकडलं आमच्याकडं, आणि दोन्ही मिळून त्या पट्टीत. महिन्याभरात तिथं घळ पडली. कूड गेला, मग आम्ही दोघी बोलायला घळीच्या दोन काठांवर उभ्या राहायला लागलो. वरून भिंती दिसायला ठणठणीत होत्या. पण लाट खाली भिंतीच्या पायाशी उकरत होती, ते पाण्यामुळं कुणाला दिसत नव्हतं.

श्रावणातली सकाळ होती. वारा जोरात. मी दारात धुणं पिळत होते. पेशकारसाहेब धक्क्यावर उभे होते, नाव डुगडुगत होती, तिचा दोर आवळत होते. मामंजी आमच्या भिंतीवरून, तोंड बघायचं नाही म्हणून आभाळाकडं बघत, मोठ्यानं बोलत होते, "काही काही लोकांना वाटतंय, तळं त्यांच्या वडिलांनी ठेवलंय!"

पेशकारसाहेबांनीही आभाळाकडं बघत उत्तर दिलं, "कुछ लोगां को हात भर ऊंची दीवार होना!"

आणि ते हातवारे करत असतानाच धक्का वाकला. आवाज फार झाला नाही. एखादी म्हैस बसते तसा तो चौथरा पुढच्या पायांवर बसला, आणि पेशकारसाहेब टोपीसकट पाण्यात गेले.

मामंजी क्षणभर आभाळाकडंच बघत राहिले. मग खाली पाहिलं, आणि धोतरासकट उडी टाकली. अडचण इतकीच, की मामंजींना पोहता येत नव्हतं.

"अय्यो शिवने!" माझ्या तोंडून माहेरची कानडी बाहेर पडली. बोरीच्या डोहात मी लहानपणी पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकले होते, पुढं भोपळ्याशिवाय. सासरी हे कुणाला सांगायची वेळच आली नव्हती. सासूबाई मागून "सूनबाई! आगं डोईवर पदर—" असं काहीतरी म्हणाल्या. मी कासोटा आवळला आणि भिंतीवरून उडी घेतली.

पाण्यात दोघं एकमेकांना धरून होते. तोंड बघायचं नाही म्हणणारे मामंजी पेशकारसाहेबांच्या मानेला अशी मिठी मारून होते, की दोघंही बुडायच्या बेतात. मी मामंजींचा हात सोडवला, त्यांना उताणं केलं आणि ओरडले, "हलू नका! मेल्यागत पडा!" सासऱ्याला असं बोललेली गावातली मी पहिलीच सून असेन. ते पडून राहिले. पेशकारसाहेबांना थोडं थोडं हातपाय मारता येत होतं, त्यांनी धक्क्यापासून सुटलेल्या नावेचा दोर धरला.

पण बाहेर निघायचं कुठून? दोन्ही भिंती सरळ, शेवाळलेल्या, बोट रुतवायला जागा नाही. लाट उचलायची आणि दगडावर आपटायची. माझं कोपर सोललं. खाला वरून रडत साडीचं टोक सोडत होत्या, ते पोचत नव्हतं. मग मला आमच्या परड्याच्या पलीकडच्या अंगाची, भिंत संपते तिथली, गुरं पाण्यावर उतरायची उताराची वाट आठवली. मी मामंजींना ओढत आणि नाव ढकलत तिकडं निघाले.

तिथं पोचले आणि एकदम सगळं शांत. तीच लाट, तोच वारा. पण त्या निवांत उतारावर लाट वर सरकत जायची, पसरायची, दमायची आणि फेस टाकून गुपचूप परत यायची. तिनंच आम्हाला हळूच वर सारलं. आम्ही तिघं चिखलात, गुरांच्या खुरांच्या खड्ड्यांत बसलो. पेशकारसाहेबांची टोपी आमच्या आधीच येऊन पोचली होती.

सासूबाई घोंगड्या घेऊन धावत आल्या. माझ्या डोक्यावर पहिल्यांदा पदर ओढला, मग मला कवेत घेतलं, मग मामंजींना म्हणाल्या, "प्वहता येत न्हाय तर उडी कशापायी टाकलीत हो?"

मामंजी दातावर दात वाजवत म्हणाले, "डाव राहिलाय."

चुलीपुढं दोघांना बसवलं. खालांनी आलं घालून काढा केला. मग मामंजी म्हणाले, "साहेब, एक सांगा. हत्ती तिरका कसा घेतला?"

"हाथी? मैं हाथी कहां चल्या? फील चल्या."

"फील म्हणजे हत्तीच की, खाला म्हणल्या."

पेशकारसाहेबांनी खालांकडं बघितलं, खालांनी माझ्याकडं, मी चुलीकडं. त्यांच्या पटावर ज्याला फील म्हणतात त्याला आमच्याकडं उंट म्हणतात. नाव हत्तीचं, चाल उंटाची. मामंजींना हसू फुटलं, आणि खोकला आणि हसणं एकत्र होऊन त्यांना पुन्हा पाठीवर थोपटावं लागलं.

त्या गडबडीत मी बोलून गेले, "भिंती काढा. उतार करा, गुरांच्या वाटेसारखा. सरळ भिंतीवर लाट भांडते. उतारावर तिला भांडायला कुणी मिळत न्हाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. पाण्यात मी सासऱ्यावर ओरडले होते, त्यामुळं आता मागं यायला जागा नव्हती.

"दोन घरांच्या मधे बी?" मामंजींनी विचारलं.

"मधे बी. सलग."

"और मेरा धक्का?" पेशकारसाहेब काळजीनं म्हणाले.

"नक्को," खाला म्हणाल्या. मग जरा थांबून, "करना तो लकडी का करो. नीचे से पानी जाने दो. दगड पे दगड रख के क्या मिला, टोपी गई."

टोपी गेली नव्हती, खुंटीवर वाळत होती. पण मुद्दा पटला.

पुढच्या उन्हाळ्यातलं ते काम माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मजेचं काम. दोन्ही भिंती उकलल्या. वडारांचा मुकादम हसून म्हणाला, एकच दगड दोनदा रचायची ही पहिलीच खेप. दोन्ही परड्यांची, मधल्या घळीची माती ओढून लांबलचक उतार केला, धुमसानं चोपला. त्यावर मुरूम, मुरमावर बारीक खडी, आणि वर मोठे दगड, चुन्याशिवाय, एकमेकांत दात बसल्यासारखे. फटीतून पाणी आत जावं आणि परतही यावं. उताराच्या वरच्या कडेला खालांनी वाळ्याची रोपं लावली. पेशकारसाहेबांना उन्हाळ्यात वाळ्याच्या पडद्याशिवाय झोप यायची नाही, आणि वाळ्याची मुळं माती धरून ठेवतात, त्यामुळं एका कामात दोघांचं भागलं.

धक्का दोन्ही परड्यांच्या बरोबर मधोमध घेतला, जिथं घळ होती तिथं. बाभळीचे जाड खांब, टोकाला लोहारानं लोखंडी टोप्या चढवलेल्या, तळातल्या वाळलेल्या मातीत ठोकून बसवले. वर सागवानी फळ्या, त्या मामंजींनी आपल्या जुन्या कोठाराच्या काढून दिल्या. सासूबाईंनी खांबांना हळदकुंकू लावलं. खालांनी साखर वाटली. मामंजी आणि पेशकारसाहेब मोडलेल्या धक्क्याच्या दगडावर पट मांडून बसले होते आणि दर थोड्या वेळानं वडारांना चुकीच्या सूचना देत होते.

पाऊस आला तेव्हा आम्ही सगळे दारात उभे राहिलो. लाटा आल्या, उतारावर चढल्या, दगडांच्या फटींत शिरल्या, खुळखुळ वाजल्या आणि परत गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच. महिन्यानं तेच. दिवाळीत पाणी उतरलं तेव्हा दोनचार दगड सरकले होते, ते आमच्या ह्यांनी सुट्टीत येऊन पुन्हा बसवले. माती होती तिथंच होती. सासूबाई कितीतरी दिवस रोज सकाळी जाऊन बघायच्या आणि येऊन म्हणायच्या, "आजबी उपाशीच हाय."

नाव मात्र पेशकारसाहेबांच्या हातात फार राहिली नाही. त्या बुडण्यानंतर त्यांना पाण्याची जरा धास्तीच बसली. वल्हं धरलं ते खालांनी. जन्मभर नक्को म्हणणाऱ्या त्या बाईला पाण्यात काय सापडलं कोण जाणे, पण दर सोमवारी त्या सासूबाईंना नावेत घालून पलीकडच्या महादेवाला न्यायच्या. स्वतः काठावर पान चघळत बसायच्या, आणि येताना नावेत गवताचे भारे, रानातल्या भाज्या, कधी एखादं करडू घेऊन यायच्या. बांधावरून चालत जाणाऱ्या बायका हाका मारायच्या, आणि खाला त्यांना लांबूनच हात करून पुढं निघून जायच्या. त्यांना त्यात फार मजा वाटायची.

पुढच्या वर्षी माझं पहिलं बाळंतपण सासरीच झालं, कारण माहेरच्या वाटेवरच्या नद्यांना पूर होता. भरदुपारी कळा सुरू झाल्या. सुईण पलीकडच्या काठाच्या वस्तीवर, आणि सांडव्यावरून पाणी चाललेलं, त्यामुळं बांधाची वाट बंद. मामंजी ओट्यावर येरझारा घालत होते. खालांनी कुणाला काही न विचारता नाव सोडली. वारा समोरून होता. सासूबाई धक्क्यावर उभ्या राहून भर पावसात त्यांना हाका मारून वाट सांगत होत्या, आणि मला आत पडल्या पडल्या ते सगळं ऐकू येत होतं.

सुईण आली ती ओलीचिंब, डोळे गच्च मिटलेली, आणि तोंडानं सगळ्या देवांची नावं घेत. तिला दोघींनी धरून धक्क्यावर चढवावं लागलं. पण आत येऊन हात धुतले आणि तिचा नूर पालटला, म्हणाली, "चला, व्हा बाजूला." दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. मामंजींनी गूळ वाटला, पेशकारसाहेबांनी पहिला खडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "अप्पा, इस को तैरना सिखाओ. पहले."

खाला पुन्हा वल्हं घेऊन उभ्या राहिल्या, सुईणीला पोचवायला. सुईण पायरीवरच बसली. "म्या न्हाय येत," ती म्हणाली. "पाणी उतरंल तवा बांधावरनं जाईन. तवर हितंच ऱ्हाते."

ती चांगली आठवडाभर राहिली, आणि माझ्या मुलीची मालिश त्या निमित्तानं फार छान झाली.